अस्तरात राहिलेली मांजर

होळी झाली, हवेतला गारवा समुद्राकडे निघून गेला आणि डहाणू रोडच्या बाजारात चिकूच्या पेट्यांचा गोडसर वास दुपारभर रेंगाळू लागला, की मी कापडाला हात लावण्याआधी तळहात ओला करून घेतो. ओला तळहात काळ्या कापडावरून एकाच दिशेने, न दाबता फिरवायचा. मांजराचे केस त्याला चिकटून गोळा होतात. ब्रशाने होत नाही, चिकटपट्टीने अर्धवट होतं, हाताने होतं. या विद्येत मी पारंगत आहे. अडचण एवढीच, की माझ्या दुकानात मांजर नाही. जाऊन चार वर्षं झाली.

केस अजून येतात.

मी शिंपी. स्टेशनकडून बाजारात येणाऱ्या रस्त्यावर दुकान, मागे दोन खोल्यांत घर. बाजारात मला कोणी नावाने हाक मारत नाही, सगळे मास्तर म्हणतात. शाळेत ज्या माणसाला मास्तरांनी सातवीत दोनदा बसवलं, त्याला आयुष्यभर मास्तर म्हणवून घ्यावं लागणं ही शिक्षा आहे की बक्षीस, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

यंदा होळीनंतर चारपाच दिवसांनी तलासरीकडच्या एका पाड्यावरून दिनेश आला. भात आणि नाचणी पिकवणारं घर. पाड्यावर लग्नात कोट घालणारा तो पहिला, आणि तो कोट मी शिवलेला. आता धाकट्या भावाचं लग्न होतं. त्याने पिशवीतून कोट काढून टेबलावर ठेवला.

"मास्तर, कोट आटला."

"टेरीवूल आहे. आटत नाही."

"मग मीच फुगलो म्हणा."

"ते मी कशाला म्हणू? गिऱ्हाईक आहेस."

लग्नाच्या कोटाला बाजूच्या शिवणीत मी दोन बोटं कापड जास्तीचं दाबून ठेवतो. लग्न झालेला माणूस कुठल्या दिशेने वाढतो हे वडिलांनी मला कात्री धरायच्या आधी शिकवलं होतं. दिनेश समोर स्टुलावर बसला होता. मी अस्तर उसवायला घेतलं. दोनचार टाके सुटले, अस्तर वर उचललं, आणि आतल्या कॅनव्हासला चिकटून बसलेला पांढऱ्या केसांचा एक पुंजका दिसला. मऊ, टोकांना किंचित वळलेला. माझा श्वास लागला तसा तो हलला. आत्ताच कोणीतरी अंग झटकून उठून गेलं असावं, असा.

"कोणाचे ओ?" दिनेश वाकून बघत म्हणाला. "तुमचे तर काळे आहेत. रंगवलेले असले तरी."

"कापूस आहे," मी म्हटलं. "पॅडिंगचा."

खोटं इतकं पटकन आणि इतकं गुळगुळीत निघालं, की मला स्वतःचं कौतुक वाटलं. मग एका बोटाऐवजी कोट दोन्ही बोटं सोडला, तो पुंजका होता तिथेच राहू दिला, आणि अस्तर पुन्हा कच्च्या टाक्याने बंद केलं.

दिनेशचा कोट काही पहिला नाही. त्या वर्षात मी शिवलेलं जे काही उसवायला परत येतं, त्यातून ती थोडी थोडी निघते. पँटच्या पट्ट्यातून, ब्लाऊजच्या बाहीतून, एका पोस्टमनच्या खाकी शर्टाच्या कॉलरमधून. अर्धं गाव तिला अंगावर घालून हिंडतंय आणि कोणाला पत्ता नाही. बाजारातून जाताना एखाद्याची पाठ ओळखीची वाटते, माझ्या हातची शिवण वाटते, आणि मनात येतं, हिच्यातही असेल.

तिचं नाव बॉबिन. नाव ठेवलं माझ्या मुलीने, पल्लवीने. ती बारावीत होती. मासळीबाजारातून येताना ओढणीत गुंडाळून एक पांढरं पिल्लू घेऊन आली. त्या पिल्लाने पहिल्याच दिवशी मशीनखाली पडलेली एक बॉबिन पंजाने ढकलत ढकलत सगळा दोरा दुकानभर फिरवला आणि शेवटी माझ्या पायांना बांधून टाकलं. मी उठायला गेलो आणि इस्त्रीच्या टेबलावर आडवा झालो. बायको आतून म्हणाली, "अहो, काय पडलं?" पल्लवी म्हणाली, "बाबा." बायको म्हणाली, "मग ठीक आहे."

त्या मांजरीला काळ्या कापडाचं काय वेड होतं कोण जाणे. टेबलावर दहा कापडं टाका, नऊ फिकी आणि एक काळं, ती बरोबर काळ्यावर जाऊन बसणार, दोनदा गोल फिरणार आणि झोपणार. उठल्यावर कापडावर तिचा आकार उमटलेला. मांजर निघून गेलेली आणि तिची सावली पांढरी.

पुढे पल्लवी जनावरांच्या डॉक्टरीचा डिप्लोमा करायला हॉस्टेलवर गेली. जाताना तिने मापाच्या वहीतलं एक पान फाडून त्यावर बॉबिनची काळजी लिहिली आणि आरशाशेजारी भिंतीवर टाचणीने लावली. रोज सकाळी पाच मिनिटं ब्रश करा, केसांच्या दिशेने, उलटा फिरवू नका, पोटाला हळू. शेवटी ओला हात फिरवा. पाणी दोन ठिकाणी ठेवा, पाणी कमी प्यायली की जास्त गळते. मासा शिजवून, मीठ न घालता. अंग चाटताना केस पोटात जातात, कधी उलटीत त्यांची गुंडाळी पडली तर घाबरू नका, पण सारखं व्हायला लागलं किंवा खाणं सुटलं तर मला फोन करा. कुठे गोल टक्कल पडलं, खाजवायला लागली तरी फोन करा. नुसते केस पडतात म्हणून फोन करू नका. खाली सही.

पहिल्या फाल्गुनात मी अर्थातच नुसते केस पडतात म्हणून फोन केला.

"बाबा, ती तुमच्यावर सूड उगवत नाहीये," पल्लवी म्हणाली. "दिवस मोठा व्हायला लागला की तिच्या अंगाला उजेडावरून कळतं. थंडीतला कोट उतरवते ती. गाई, घोडे सगळे उतरवतात."

"पण ही बारा महिने उतरवते."

"कारण तुमच्या दुकानात बारा महिने ट्यूब. सकाळी नऊला लावता, रात्री नऊला बंद करता. तिच्या अंगाला वाटतं दिवस मावळतच नाही. म्हणून वर्षभर थोडं थोडं आणि आता एकदम."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. माझ्या ट्यूबलाइटमुळे एका जिवाचा दिवस मावळत नव्हता. हल्ली दुपारी काम नसलं की मी दुकानातली ट्यूब बंद करून बसतो. लोक विचारतात, लाईट गेली का मास्तर? मी हो म्हणतो.

आता ती गोष्ट सांगायला हवी, जी बाजारात सगळ्यांना पाठ आहे. लग्नसराईत ट्रायलसाठी माणसं बसली, की कोणीतरी म्हणतंच, मास्तर, ती मांजरीच्या हजामतीची सांगा. आणि मी टाचण्या बाजूला ठेवून सांगतो. सांगत होतो.

ती अशी. भर लग्नसराईत बॉबिन इतकी गळायला लागली की मी शेजारच्या सलूनवाल्या जयंतीभाईला हाताशी धरलं. त्याने केस कापायचं मशीन आणलं. मी मागचे पाय धरले, त्याने पुढचे. मशीन सुरू झाल्याबरोबर तिने आधी जयंतीभाईच्या अंगठ्याचा चावा घेतला, मग माझ्या नाकावर तीन रेघा ओढल्या, आणि अर्धी सोललेली, पुढून सिंह मागून उंदीर अशी टेबलावरून उडी मारून पळाली. मागे मी, माझ्यामागे मशीन हातात घेतलेला जयंतीभाई, त्याच्यामागे गालाला अर्धा साबण लावलेलं त्याचं गिऱ्हाईक. मासळीबाजारात कोळणी पाट्यांवर उभ्या राहिल्या. शेवटी ती उंबरगावच्या बाजूला जाणाऱ्या एका टेम्पोत चढली, मागच्या पेटीवर बसली आणि आमच्याकडे एकदा बघून तिने तोंड फिरवलं. गेली ती गुजरातलाच गेली. तिकडे आता ढोकळा खात असेल.

इथे हशा. गिऱ्हाइकं पोट धरून हसायची. जयंतीभाई नेमका त्याच वेळी दारात यायचा आणि अंगठा वर करून दाखवायचा. त्यावरचा वण खरा आहे. तो वस्तऱ्याचा.

ही गोष्ट मी पल्लवीला फोनवर सांगितली, घडल्यानंतर दोन आठवड्यांनी. मग सिंह-उंदरापाशी तिला हसू आलं. ते ऐकून मी टेम्पो घातला. त्याआधी टेम्पो नव्हता. नंतर ती सुट्टीत आली की सांगायची, हॉस्टेलवर बॉबिनची गोष्ट फार गाजलीय बाबा, नव्या मुली आल्या की माझ्याकडून ऐकतात. तिच्या सांगण्यात कोळणींचे संवाद वाढले होते. गोष्ट माझ्यापेक्षा तिला चांगली जमायला लागली.

त्या गोष्टीत खोटं काय आहे, हे फक्त मला आणि जयंतीभाईला माहीत. यंदा दिनेशच्या कोटातून तो पुंजका निघाला, त्याच दिवशी संध्याकाळी पल्लवीचा फोन आला. नोकरी लागल्यापासून ती नंदुरबारकडे असते. म्हणाली, चैत्रात महालक्ष्मीच्या यात्रेला येते, चार दिवस रजा मिळाली. मी म्हटलं, ये. फोन ठेवला आणि ठरवलं, या खेपेला ती गोष्ट उसवायची. चार वर्षांत हे मी दर फाल्गुनात ठरवलेलं आहे. चैत्र आला की काही ना काही शिवायचं निघतं.

त्या वर्षीही असाच चैत्र होता. पळस फुलून गेलेला. तलासरीच्या रस्त्याला सावरीची बोंडं फुटत होती आणि तिचा कापूस वाऱ्यावर इतका यायचा, की बाजारात चालताना लोक तोंडासमोर हात हलवायचे. दुकानात हवेत काहीतरी पांढरं तरंगताना दिसलं की ते सावरीचं की बॉबिनचं हे सांगता यायचं नाही. अजूनही येत नाही. परवा एक बारीकसा तंतू उन्हाच्या पट्ट्यातून आडवा चालला होता, मी खडू हातात घेऊन त्याच्याकडे बघत राहिलो, आणि समोरची बाई म्हणाली, मास्तर, गळा खोल नको हां. मी विचारलं, कोणाचा?

ब्रश मी चार दिवस केला. पाचव्या दिवशी वेळ मिळाला नाही. मग माझ्या डोक्याने काम करायला सुरुवात केली. माझं डोकं काम करायला लागलं की बायको देवापुढे दिवा लावते.

पहिल्यांदा मी बॉबिनला खोबरेल लावलं. म्हटलं, केस जड होतील, उडणार नाहीत. ती खडूच्या भुकटीत लोळली आणि दोन दिवस निळी होती. मग मी तिच्यासाठी अंगरखा शिवला. गळा, छाती, पाठ, शेपटीचा घेर अशी रीतसर मापं वहीत लिहिली, अस्तराचं सॅटीन वापरलं, पोटाला दाबाची बटणं लावली. ती तो घालून एका कुशीवर धाडकन पडली आणि पायच नसल्यासारखी पडून राहिली. अंगरखा काढला तशी उठून दूध प्यायला गेली. माझ्या धंद्यात इतकं परखड गिऱ्हाईक मी दुसरं पाहिलं नाही.

आणि त्या आठवड्यात दिनेशची मंडळी पहिल्या ट्रायलला आली. बरोबर त्याची आत्या. दिनेशला आई नाही, आत्यानेच वाढवलेला. कोट तिच्या हौसेचा. तिने दिनेशच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि ते माझ्या नाकासमोर धरलं.

"मास्तर, कोट शिवला का बोका सोलला?"

"झटकून देतो, आत्या."

"नवऱ्याच्या अंगावर पांढरा केस आम्ही चालवून घेत नाय. परवा तीनला परत येते. एक केस दिसला तर कापड घेऊन वापीला जाईन. मंग बसा मांजरीचे कपडे शिवत."

दुकानभर बसलेले हसले. अंगरख्याची बातमी फुटलेली होती तर. मला लोकांना हसवायची सवय आहे, लोक माझ्यावर न विचारता हसले की मात्र कान तापतात. रात्रभर मी एकच विचार केला, आणि तो फक्त शिंपीच करू शकतो. उन्हाळ्यात माणूस अस्तराचा कोट घालत नाही. मांजरीला तरी अस्तर कशाला? जास्तीचं आहे ते कापून टाकू. तिलाही हलकं वाटेल.

पल्लवीच्या कागदावर 'मांजरीची हजामत करू नये' असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. आपला बाप असं काही करेल हे तिच्या डोक्यातच आलं नसणार. नंतर, फार नंतर, गोष्ट सांगून झाल्यावर मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, तर ती म्हणाली, "केस म्हणजे तिचं छप्पर आहे बाबा. थंडीत ऊब, उन्हात सावली. पांढऱ्या मांजरीची कातडी गुलाबी असते, ऊन थेट भाजतं. बरं झालं ती अर्धीच झाली." बरं झालं म्हणाली. मी फोन कानाला धरून काजाची पट्टी बघत बसलो.

ती अर्धी झाली नव्हती. पूर्ण झाली होती. मी नेटकं काम करतो.

आत्या यायची होती त्या दुपारी, जेवणानंतर बाजार झोपलेला असताना मी जयंतीभाईकडून मशीन आणलं. तो मागोमाग आला आणि दारात उभा राहिला. इस्त्रीच्या टेबलावर काम झालं. झाल्यावर समोर जे बसलं होतं ते मांजर नव्हतं, मांजरीचं माप होतं. कान मोठे, मान बारीक, अंगावर गुलाबी कातडी आणि तिच्यावर सुरकुत्या. टेबलाच्या कडेला तिचे केस ढिगाने पडले होते. ढीग तिच्यापेक्षा मोठा दिसत होता.

तीन वाजत आले. मागच्या दाराने तिला घरात सोडली असती तर बायकोने पाहिली असती आणि मला तेव्हा बोलणी खायची नव्हती. म्हणून मी तिला पुढच्या दाराने बाहेर ठेवलं. हो, ठेवलं. उचललं, पायरीवर ठेवलं, काचेचं दार ओढून घेतलं. म्हटलं अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. माझं दुकान पश्चिमेकडे तोंड करून आहे. तीनला पायरीवर अनवाणी पाय ठेवून बघा.

आत्या आली, दिनेश आला. मी तोंडात टाचण्या धरून दिनेशच्या खांद्याचं बघत होतो. समोर ट्रायलचा मोठा आरसा. आरशात दिनेश, त्याच्यामागे मी, माझ्यामागे काचेचं दार, आणि आरशाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, दारापलीकडे, ती. पायरीला पोट न लावता, चारही पाय जवळ घेऊन, दाराकडे तोंड करून बसलेली. एक पंजा उचलायची, काचेला लावायची, खाली ठेवायची. मग दुसरा. मला तेव्हा वाटलं ती आत घ्या म्हणतेय. पाय भाजतात म्हणून उचलतेय हे कळायला चार वर्षं लागली असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. कळलं होतं. तोंडात टाचण्या होत्या.

आत्याने कोटावरून बोट फिरवलं. "आता कसा," ती म्हणाली. मी वळून बघितलं तेव्हा पायरीवर कोणी नव्हतं.

अकरा दिवस मी स्कूटरवरून शोधलं. स्टेशनाच्या दोन्ही बाजू, खाडीकडचं वाळत घातलेल्या बोंबलांचं मैदान, कोसबाडच्या वाटेवरच्या चिकूच्या वाड्या. चिकूच्या झाडाखाली उन्हातही अंधार असतो, तिथे मी वाकून वाकून हाक मारायचो. एक बाई म्हणाली, सशासारखं काहीतरी कुंपणातून जाताना बघितलं बा. ससा नव्हता तो. दुसऱ्या दिवशी तिथे गेलो तर कुंपणाच्या काट्याला काहीच लागलेलं नव्हतं. लागणार काय? मांजर कुठून गेली हे केसांवरून कळतं, आणि केस माझ्याकडे होते.

गोष्ट कधी सुरू झाली? अकराव्या दिवशी. कोणीतरी दुकानात विचारलं, मास्तर, मांजर दिसत नाही? मी म्हणालो, अरे काय सांगू, आणि सांगितलं. पहिल्या वाक्याला तो हसला. हसणारा माणूस पुढचं विचारत नाही.

तेव्हापासून मशीन चालवताना एक होतं. पाय थांबवला, चाक थांबलं, तरी घुरघुर क्षणभर चालू राहते. मांडीच्या डाव्या बाजूला, जिथे ती झोपायची. मी मशीनला तेल घातलं, पट्टा बदलला, मेकॅनिकला दाखवलं. तो म्हणाला, मास्तर, मशीनला काही नाही, कान दाखवा. ट्रायलला कोणी आरशासमोर उभा राहिला की माझी नजर आधी खालच्या डाव्या कोपऱ्यात जाते. गिऱ्हाइकाला वाटतं मी पँटची लांबी बघतोय.

पल्लवी आली ती यात्रेच्या आदल्या दिवशी. उन्हाने रापलेली, बूट धुळीने भरलेले. आईशी बोलून झालं तशी दुकानात येऊन जुन्या जागी, कटिंगच्या टेबलाच्या टोकावर बसली. दिनेश कोट घालून आरशासमोर उभा होता. जयंतीभाई खांद्यावर टॉवेल टाकून तिला भेटायला आला.

"काय गं पल्लवी, ढोरांना इंजेक्शन देते ने? बाबाला पण एक दे."

"बाबांना कुठे टोचायचं, जयंतीकाका? सगळीकडे टाचण्याच आहेत."

दिनेश हसला आणि म्हणाला, "तुमची ना ती मांजर? हजामतीवाली? आमच्या पाड्यावर पण पोचलीय ती गोष्ट."

"थांबा, माझ्याकडून ऐका," पल्लवी म्हणाली, आणि टेबलावरून खाली उतरली.

तिने काय सांगितली म्हणून सांगू. मशीनचा आवाज काढला, माझा आवाज काढला, नाक धरून नाचणारा मी काढला. दिनेशचा टाचलेला खांदा हसण्याने हलत होता. ती अंगठ्यापाशी आली, तिने जयंतीभाईकडे हात केला. त्याने नेहमीप्रमाणे अंगठा वर करायचा होता. त्याने हात टॉवेलात घातला आणि जमिनीकडे बघितलं.

मी तोंडातल्या टाचण्या काढून गादीत खोचल्या. एकेक.

"चावली नाही ती," मी म्हटलं.

"काय?"

"कोणाला चावली नाही. पळालीही नाही."

"नवीन शेवट काढलात?" पल्लवी अजून हसत होती.

"जवा दो ने, मास्तर," जयंतीभाई हळूच म्हणाला.

मी जाऊ दिलं नाही. सगळं सांगितलं. पूर्ण केस काढले ते, मागचं दार का नाही ते, पायरी, काच, पंजे. गोष्ट सांगायची इतकी सवय, की मध्येच एका ठिकाणी मी नकळत थांबलो, जिथे लोक हसतात तिथे. कोणी हसलं नाही. दिनेश अर्ध्या टाचलेल्या कोटात उभा होता, त्याला धड जाता येईना, धड थांबता येईना.

"माझ्या कोटापायी?" त्याने विचारलं.

"नाही रे. कोटाचं काय. माझ्यापायी."

पल्लवी टेबलाला टेकून उभी होती. रागावली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. ती डॉक्टर जसे विचारतात तशी विचारायला लागली.

"धरलं कोणी होतं?"

"कोणी नाही."

"म्हणजे? मशीनच्या आवाजाला मांजर हातभर उडतं."

"धरावं लागलं नाही. शिलाई मशीनच्या आवाजाची तिला सवय होती ना. ती माझ्या मांडीशीच झोपायची. मशीन मानेला लावलं तर तिला वाटलं असेल ब्रश करतोय. मान पुढे केली तिने. मग आपणहून कूस बदलली."

"घुरघुरत होती?"

"हो."

"किती वेळ?"

"शेवटपर्यंत," मी म्हटलं. जयंतीभाईने मान हलवली, तो साक्षीदार होता.

पल्लवीने खाली पडलेली टेप उचलली, गुंडाळली, पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली.

"हॉस्टेलवर मी ही गोष्ट किती जणींना सांगितलीय, बाबा," ती म्हणाली. "लग्न झालेल्या दोघी सासरी सांगतात." आणि आत निघून गेली.

जयंतीभाई गेला. दिनेशने कोट काढून हळूच हँगरला लावला, येतो म्हणाला. मी मशीनवर जाऊन बसलो, पण पाय हलवला नाही. मधल्या पडद्याच्या पलीकडून फोनची बटणं दाबल्याचा आवाज आला, मग पल्लवीचा, जरा मोठ्याने, लांबच्या माणसाशी बोलतात तसा.

"हॅलो. मी बोलतेय, डहाणूहून. काही नाही गं, सगळे बरे आहेत. ती आमच्या बॉबिनची गोष्ट आठवते? हां, तीच." पलीकडून हसण्याचा बारीक आवाज मला इथपर्यंत आला. "नाही," पल्लवी म्हणाली. "हसू नको. आधी ऐक."